नोटर डेमचा १९२४ चा हंगाम : एका कॅथलिक कॉलेजचे दहा सामने

अमेरिकेत ‘फुटबॉल’ या नावाने जो खेळ ओळखला जातो, तो आपल्या परिचयाचा फुटबॉल नव्हे. त्यातील चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता असतो आणि तो पायापेक्षा हातानेच अधिक खेळला जातो. महाराष्ट्रात हा खेळ रुजवण्याचा एक प्रयत्न झाला होता, हे आज फारच थोड्यांना आठवत असेल. ‘एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया’ या नावाची व्यावसायिक स्पर्धा २०११ साली जाहीर झाली, तिचा पहिला हंगाम २०१२ मध्ये पार पडला आणि त्यात ‘पुणे मराठाज’ हा संघ अजिंक्य ठरला. रग्बी, कबड्डी आणि मैदानी खेळांतून आलेल्या तरुणांनी हा अपरिचित खेळ काही महिन्यांत आत्मसात केला होता. परंतु ते रोपटे येथील मातीत धरले नाही. त्या संघामागे कोणतेही गाव नव्हते, कॉलेज नव्हते, पिढ्यान्‌पिढ्यांची आठवण नव्हती. अमेरिकेत मात्र या खेळाचे मूळच कॉलेजांत आहे, आणि तेथील एका कॅथलिक कॉलेजाच्या संघाने १९२४ साली जो हंगाम गाजवला, त्याची हकिकत आपल्या वाचकांना सांगावी असे बरेच दिवस मनात होते. ती केवळ खेळाची हकिकत नाही, हे पुढे लक्षात येईलच.

प्रथम खेळाविषयी थोडेसे. मालगुंडच्या किनाऱ्यावर ओहोटी लागली की ओल्या, घट्ट वाळूत रेघा ओढून कबड्डीचे मैदान आखता येते. ज्याला ती कबड्डी कळते, त्याला अमेरिकन फुटबॉल कळण्यास फार वेळ लागणार नाही. दोन्ही खेळ रेघेचे आहेत. दोन्हींत दोन संघ समोरासमोर उभे राहतात, एक चढाई करतो, दुसरा त्याला धरून पाडतो, आणि प्रत्येक चढाईनंतर खेळ क्षणभर थांबून पुन्हा सुरू होतो. फरक इतकाच की कबड्डीत एक गडी एकटा चढाईस जातो. येथे अकराच्या अकरा जण मिळून चेंडूसह पुढे सरकतात. मैदान शंभर यार्ड लांब, म्हणजे सुमारे ९१ मीटर. चढाई करणाऱ्या संघास चार प्रयत्न मिळतात व त्या चारांत त्याने किमान दहा यार्ड पुढे जावयाचे असते. गेला, तर आणखी चार प्रयत्न. न गेला, तर चेंडू प्रतिपक्षाकडे. अलीकडे प्रो कबड्डीत दोन रिकाम्या चढायांनंतर तिसरी चढाई ‘डू ऑर डाय’ असते. येथील चौथा प्रयत्न तशाच जातीचा. चेंडू घेऊन शेवटची रेघ ओलांडली की ‘टचडाउन’, त्याचे सहा गुण. त्यानंतर खांबांमधून चेंडू लाथाडून पार केल्यास आणखी एक, आणि टचडाउनपर्यंत पोहोचणे अशक्य दिसल्यास दुरूनच चेंडू खांबांपार मारून तीन गुण घेता येतात. चेंडू पुढे हवेतून फेकण्याची मुभा १९०६ पासून मिळाली. त्याआधी हा खेळ इतका दांडगाईचा होता की १९०५ च्या एकाच हंगामात अठरा-एकोणीस तरुण दगावल्याची नोंद झाली आणि खुद्द राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना मोठ्या कॉलेजांच्या प्रतिनिधींना बोलावून कानउघाडणी करावी लागली.

‘हंगाम’ हा शब्द कोकणी माणसाला आंब्याने आणि मासळीने शिकवला आहे. तेथील फुटबॉलचा हंगामही तसाच ऋतूशी बांधलेला आहे. मक्याची कापणी सुरू असताना तो उगवतो आणि कडाक्याच्या थंडीच्या तोंडावर मावळतो. आठवड्यास एकच सामना, तोही बहुधा शनिवारी. १९२४ साली आजच्यासारखी बाद फेरीची स्पर्धा नव्हती. प्रत्येक कॉलेज आपले प्रतिस्पर्धी पत्रव्यवहाराने ठरवी, आणि वर्षअखेरीस कोणता संघ सर्वश्रेष्ठ, याचा कौल वर्तमानपत्रे व जाणकार मंडळी देत. तेव्हा खेळाडूंच्या डोक्यावर कातडी टोपी असे, चेहऱ्यापुढे जाळी नसे. चढाई आणि बचाव, दोन्ही कामे तेच अकरा जण करीत.

आता कॉलेजाविषयी. इंडियाना राज्यातील साउथ बेंड या शहराजवळ फादर एडवर्ड सोरिन या फ्रेंच धर्मगुरूंनी १८४२ च्या नोव्हेंबरात, ऐन बर्फाच्या दिवसांत, नोटर डेम विद्यापीठाची मुहूर्तमेढ रोवली. ‘नोटर डेम’ म्हणजे फ्रेंच भाषेत ‘आमची माता’. मुख्य इमारतीच्या सोनेरी घुमटावर पवित्र मरियेचा पुतळा उभा आहे. ज्या होली क्रॉस धर्मसंघाचे फादर सोरिन होते, त्याच धर्मसंघाचे मिशनरी १८५३ साली पूर्व बंगालमध्ये, म्हणजे आजच्या बांगलादेशात, दाखल झाले. एकाच झाडाची एक फांदी आपल्या उपखंडाकडे वळली होती, एवढे येथे नमूद करतो.

नोटर डेममध्ये शिकणारी मुले बहुतांशी आयरिश, जर्मन, पोलिश अशा स्थलांतरित कॅथलिक कुटुंबांतील होती. त्या काळी अमेरिकेत कॅथलिक असणे ही मिरवण्याची बाब नव्हती. कॅथलिकांची निष्ठा देशाला नसून रोमला आहे, असा संशय उघडपणे व्यक्त केला जाई. ‘कू क्लक्स क्लान’ ही संघटना कृष्णवर्णीयांच्या द्वेषासाठी कुप्रसिद्ध आहे, पण १९२० च्या दशकात इंडियानात तिचा मुख्य रोख कॅथलिकांवर होता, हे आपल्याकडे फारसे ठाऊक नसते. एकट्या त्या राज्यात तिचे सुमारे अडीच लाख सदस्य असल्याचे मानले जाते. दुकानदार, पोलीस, नगरसेवक, प्रॉटेस्टंट पाळक असे अनेक प्रतिष्ठित लोक त्यांत होते.

१७ मे १९२४ रोजी, शनिवारी, क्लानने साउथ बेंड येथे मोठा मेळावा बोलावला. कॅथलिक विद्यापीठाच्या दारात येऊन बळ दाखवण्याचा हेतू स्पष्ट होता. नोटर डेमचे विद्यार्थी शेकडोंच्या संख्येने शहरात उतरले. रेल्वे स्थानकावर उतरणाऱ्या क्लान सदस्यांना त्यांनी गाठले, त्यांचे पांढरे झगे आणि टोप्या हिसकावून घेतल्या. क्लानच्या कार्यालयाच्या खिडकीत विजेच्या दिव्यांचा क्रूस लावलेला होता. विद्यार्थ्यांनी खालच्या दुकानातील बटाटे फेकून ते दिवे फोडले. त्यांतील शेवटचा दिवा संघाचा चेंडूफेक्या हॅरी स्टुलड्रेहर याने अचूक नेम धरून फोडला, अशी आख्यायिका आहे. दोनच दिवसांनी, सोमवारी रात्री, पुन्हा चकमक झाली. या वेळी मुलांना मार बसला. विद्यापीठाचे अध्यक्ष फादर मॅथ्यू वॉल्श हे पहिल्या महायुद्धात सैन्यातील धर्मगुरू म्हणून सेवा करून आलेले होते. ते रात्री शहरात गेले, न्यायालयासमोरील युद्धस्मारकावर उभे राहिले आणि खवळलेल्या मुलांना त्यांनी परत वसतिगृहाकडे जाण्यास सांगितले. मुले परतली.

त्या मुलांचा राग अनाठायी होता असे कोण म्हणेल? तरीही फादर वॉल्श यांचेच बरोबर होते, असे आम्हांस वाटते. रस्त्यावरील दंग्याने क्लानच्या हाती आयते कोलीत मिळाले असते. ‘कॅथलिक पोरे गुंड असतात’ हेच तर त्यांना सिद्ध करावयाचे होते.

या घटनेस पाच महिनेही झाले नव्हते, तोच हंगाम सुरू झाला. प्रशिक्षक होते न्यूट रॉकनी. त्यांचा जन्म १८८८ साली नॉर्वेमधील व्हॉस या गावी झाला, लहानपणी ते शिकागोस आले, नोटर डेममध्ये शिकले आणि तेथेच रसायनशास्त्र शिकवीत. धर्माने लुथरन. कॅथलिक विद्यापीठाचा संघ एका लुथरन माणसाच्या हाती सोपवण्यात तेथील धर्मगुरूंना काही वावगे वाटले नाही, आणि या हकिकतीत ही गोष्ट लहान नाही.

पहिले दोन सामने सोपे गेले. लोंबार्डविरुद्ध ४०-०, वॉबॅशविरुद्ध ३४-०. खरी कसोटी १८ ऑक्टोबरला न्यूयॉर्कमध्ये होती. प्रतिस्पर्धी लष्करी अकादमीचा, म्हणजे ‘आर्मी’चा संघ. पोलो ग्राउंड्स या मैदानावर सुमारे पंचावन्न हजार प्रेक्षक जमले होते. नोटर डेमच्या मागच्या फळीत चौघे जण होते : स्टुलड्रेहर, जिम क्राउली, डॉन मिलर आणि एल्मर लेडन. चौघांपैकी एकाचेही वजन पंचाहत्तर किलोपर्यंत पोहोचत नव्हते. या खेळात ती अंगकाठी किरकोळच म्हणावी लागेल. परंतु रॉकनी यांनी त्यांना एका लयीत हलायला शिकवले होते. चेंडू सुटण्याच्या अगोदरच्या क्षणी चौघे एकदम जागा बदलत आणि चढाई कोणत्या बाजूने येणार, हे प्रतिपक्षाला कळेपर्यंत उशीर झालेला असे. पुढच्या फळीतील सात जणांनी मार्ग मोकळा करावयाचा. संघनायक ॲडम वॉल्श हा त्या फळीच्या मध्यभागी होता, आणि त्या दिवशी तो हाताची हाडे मोडलेली असतानाही खेळला. नोटर डेमने सामना १३-७ असा जिंकला.

प्रेक्षागृहातील पत्रकारांत ग्रँटलँड राइस हे त्या काळचे नामवंत क्रीडालेखक होते. दुसऱ्या दिवशीच्या ‘न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यून’मध्ये त्यांनी या चौघांना प्रकटीकरणाच्या पुस्तकातील चार घोडेस्वारांची उपमा दिली. ही कल्पना त्यांना संघाच्या प्रसिद्धीचे काम पाहणाऱ्या जॉर्ज स्ट्रिकलर या विद्यार्थ्याच्या बोलण्यावरून सुचली होती. संघ साउथ बेंडला परतताच स्ट्रिकलरने चार घोडे मिळवले, चौघांना खेळाच्या पोशाखात त्यांवर बसवले आणि छायाचित्र काढवून घेतले. ते देशभरातील वर्तमानपत्रांत झळकले. (राइस यांनी घोडेस्वारांची जी नावे दिली, ती पवित्र शास्त्राशी तंतोतंत जुळत नाहीत. प्रकटीकरणाच्या सहाव्या अध्यायातील पहिला स्वार धनुष्य घेऊन जिंकत निघालेला आहे, दुसरा युद्धाचा, तिसरा दुष्काळाचा, चौथा मृत्यूचा. क्रीडालेखकाला घाईत एवढी सवलत द्यावयास हरकत नाही.)

पुढच्या शनिवारी प्रिन्स्टनचा १२-० असा पराभव झाला. श्रीमंत, जुन्या प्रॉटेस्टंट घराण्यांचे ते विद्यापीठ. नंतर जॉर्जिया टेक ३४-३ आणि विस्कॉन्सिन ३८-३. मग १५ नोव्हेंबरला नेब्रास्काचा संघ साउथ बेंडला आला. या सामन्याकडे सर्वांचे डोळे लागले होते. १९२२ आणि १९२३ या दोन्ही वर्षी नोटर डेमला नेब्रास्काने हरवले होते आणि त्या दोन हंगामांतील नोटर डेमचे पराभव तेवढेच. नेब्रास्कातील लिंकन शहरात खेळताना कॅथलिक व आयरिश म्हणून मुलांना हिणवले गेले होते, ते शब्द मनात रुतून बसले होते. सामन्यात पहिले सहा गुण नेब्रास्कानेच मिळवले. त्यानंतर मात्र एकही नाही. अंतिम आकडे ३४-६. मे महिन्यात रस्त्यावर जे मिळाले नव्हते, ते त्या दिवशी मैदानावर मिळाले, अशी भावना विद्यार्थ्यांत पसरली असल्यास नवल नाही.

शिकागोमध्ये नॉर्थवेस्टर्नविरुद्ध सामना अटीतटीचा होऊन १३-६ असा सुटला, तर पिट्सबर्गमध्ये कार्नेगी टेकविरुद्ध ४०-१९. नऊपैकी नऊ. कॅलिफोर्नियातील पॅसाडिना येथे नववर्षदिनी होणाऱ्या ‘रोझ बोल’ सामन्याचे निमंत्रण आले. प्रतिस्पर्धी स्टॅनफर्ड.

हा प्रवास आगगाडीचा होता, आणि त्याची आखणी करण्यात फादर जॉन ओहारा यांचा मोठा वाटा होता. विद्यार्थ्यांच्या धार्मिक जीवनाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. १९०५ साली पोप दहावे पायस यांनी श्रद्धावंतांनी वारंवार, शक्य तर दररोज ख्रिस्तप्रसाद स्वीकारावा, असे आवाहन केले होते. फादर ओहारा यांनी ते आवाहन विद्यार्थ्यांत रुजवले. दररोज एक छोटे धार्मिक पत्रक ते मुलांच्या हाती देत आणि खेळाडू सामन्यापूर्वी मिस्सेला जातात, ही गोष्ट आवर्जून सर्वांच्या निदर्शनास आणीत. कॅलिफोर्नियाला जाताना गाडी सरळ मार्गाने गेली नाही. न्यू ऑर्लिन्स, ह्यूस्टन, टूसॉन असा दक्षिणेचा लांबचा वळसा घेत ती गेली. ठिकठिकाणी खेळाडू उतरत, स्थानिक चर्चमध्ये मिस्सेला उपस्थित राहत, तेथील कॅथलिक त्यांना पाहण्यास गर्दी करीत. ज्या गावी कॅथलिक मूठभर आणि दबून राहणारे, त्या गावी वर्तमानपत्रांत ज्यांची छायाचित्रे छापून आली ती मुले आपल्यासोबत गुडघे टेकून बसलेली पाहणे, याचे मोल आकड्यांत सांगता येणार नाही. हेच फादर ओहारा पुढे विद्यापीठाचे अध्यक्ष, फिलाडेल्फियाचे आर्चबिशप आणि १९५८ मध्ये कार्डिनल झाले.

१ जानेवारी १९२५ चा सामना नोटर डेमने २७-१० असा जिंकला. खरे सांगावयाचे तर त्या दिवशी यार्डांच्या हिशेबात स्टॅनफर्डच वरचढ होते. त्यांचा एर्नी नेव्हर्स एकट्याने शंभराहून अधिक यार्ड धावला. परंतु त्यांनी फेकलेले दोन चेंडू लेडनने मध्येच झेलले आणि एकदा ७८, एकदा ७० यार्ड धावत जाऊन टचडाउन केले. कबड्डीत चढाईस आलेल्याची पकड व्हावी आणि त्याच झटक्यात बाजी उलटावी, तसेच हे. दहा सामन्यांत दहा विजय. २८५ गुण मिळवले, ५४ दिले.

आता प्रश्न असा की, या विजयांनी नेमके काय साधले? उत्साही लेखक लिहून जातात की नोटर डेमने क्लानचा पराभव केला. आम्हांस तसे म्हणवत नाही. नेब्रास्काच्या सामन्यापूर्वी दहा-अकरा दिवस आधी, त्याच नोव्हेंबरात, क्लानच्या पाठिंब्यावर एडवर्ड जॅक्सन हे इंडियानाचे राज्यपाल म्हणून निवडून आले होते. संघ जिंकत होता आणि मतपेटीत द्वेषही जिंकत होता. क्लानचा इंडियानातील कणा मोडला तो १९२५ साली, तिचा नेता डी. सी. स्टीफन्सन एका तरुणीच्या मृत्यूप्रकरणी दोषी ठरून तुरुंगात गेला तेव्हा. १९२८ मध्ये अल स्मिथ या कॅथलिक उमेदवाराचा राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत दणदणीत पराभव झाला. त्यामागे अन्य कारणेही होती, पण त्यांचा धर्म हे एक कारण होते. शेजाऱ्याचे मत फुटबॉलच्या गुणफलकाने बदलत नाही.

बदल झाला तो कॅथलिकांच्या स्वतःच्या मनात. न्यूयॉर्कच्या गोदीत, कारखान्यांत, घरकामास जाणारे हजारो आयरिश, इटालियन, पोलिश लोक शाळेची पायरीही पुरती चढलेले नव्हते. ते नोटर डेमला ‘आमचे कॉलेज’ म्हणू लागले. त्यांना पुढे गमतीने ‘सबवे अलमनाय’, म्हणजे भुयारी रेल्वेने सामन्याला येणारे माजी विद्यार्थी, असे नाव पडले. आपल्याकडे रत्नागिरी जिल्ह्यातून मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या चाकरमान्यांचा विचार करावा. लालबाग-परळच्या चाळीत एका खोलीत दहा-बारा जण राहत, पण संध्याकाळी कबड्डीच्या मैदानावर आपले मंडळ उतरले की त्यांची मान ताठ होई. कामावर मुकादम ज्या नजरेने पाही, ती त्याने बदलत नसे. तरी घरी परतताना पाऊल वेगळे पडे. नोटर डेमच्या संघाला ‘फायटिंग आयरिश’ हे नाव मुळात हिणवण्याच्या सुरात चिकटले, असे अनेक जण मानतात. फादर वॉल्श यांनी १९२७ मध्ये तेच नाव अधिकृतपणे स्वीकारले.

प्रशिक्षक रॉकनी यांच्याविषयी सांगावयाचे राहिले. पहाटे उठून ख्रिस्तप्रसादासाठी जाणाऱ्या आपल्या खेळाडूंना पाहून हा लुथरन गृहस्थ अंतर्मुख झाला, असे सांगतात. कोणी त्यांना आग्रह केल्याचे ऐकिवात नाही. नोव्हेंबर १९२५ मध्ये, विद्यापीठाच्या आवारातील लाकडी ओंडक्यांच्या छोट्या प्रार्थनालयात, त्यांचा कॅथलिक ख्रिस्तसभेत प्रवेश झाला. ३१ मार्च १९३१ रोजी कॅन्ससमध्ये झालेल्या विमान अपघातात त्यांचे निधन झाले. ते अवघे ४३ वर्षांचे होते.

या यशाची दुसरी बाजूही होती. ‘नोटर डेम हे विद्यापीठ नसून फुटबॉलचा कारखाना आहे’ अशी टीका होऊ लागली आणि ती तेथील धर्मगुरूंना झोंबली. विद्यार्थी हंगामाबाहेर अभ्यासापासून दूर राहू नयेत, या विचाराने विद्यापीठाने १९२५ नंतर नववर्षाच्या वेळचे असे सामने खेळणेच सोडून दिले. हा निर्णय चाळीसहून अधिक वर्षे, १९६९ च्या हंगामापर्यंत, टिकला. त्यामुळे बुडालेल्या पैशाची आणि प्रसिद्धीची कल्पना करता येईल. आम्हांस तर १९२४ च्या दहा विजयांइतकाच हा निर्णय महत्त्वाचा वाटतो.

बरोबर शंभर वर्षांनी, २०२४ च्या हंगामात, नोटर डेम पुन्हा चर्चेत आले. सप्टेंबरात घरच्या मैदानावर नॉर्दर्न इलिनॉयकडून १६-१४ असा अनपेक्षित पराभव पत्करल्यानंतर संघाने सलग तेरा सामने जिंकले आणि २० जानेवारी २०२५ रोजी अटलांटा येथील अंतिम सामन्यात ओहायो स्टेटकडून ३४-२३ अशी हार पत्करली. प्रशिक्षक मार्कस फ्रीमन हेही रॉकनी यांच्याप्रमाणे नोटर डेममध्ये असतानाच, २०२२ साली, कॅथलिक झालेले. सामन्याच्या दिवशीची संघाची मिस्सा त्यांनी पुन्हा सुरू केली. मात्र त्यांच्या हाताखालील खेळाडू आणि स्टुलड्रेहर-लेडन यांच्यात आता एक मोठा फरक आहे. २०२१ पासून अमेरिकन कॉलेज खेळाडूंना आपल्या नावाचा व छायाचित्राचा मोबदला घेता येतो, आणि जुलै २०२५ पासून कॉलेजे त्यांना थेट पैसेही देऊ शकतात; पहिल्या वर्षासाठी ही मर्यादा प्रत्येक कॉलेजास सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर इतकी ठरली. ज्यांच्या घामावर लाखो तिकिटे विकली जातात, त्या मुलांना त्यातील वाटा मिळावा, हे न्याय्यच आहे. पण रसायनशास्त्राच्या तासाला बसणारा खेळाडू आणि करारावर सही करणारा खेळाडू हे दोघे एकाच वर्गात किती काळ बसतील, याची चिंता तेथील धर्मगुरू-प्राध्यापकांना भेडसावत असल्यास आश्चर्य नाही.